सरवा

बीडच्या स्टेशनाला अजून नव्या रंगाचा वास आहे. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, इथून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली आणि तीस वर्षं कागदावर पडून असलेले रूळ खरे झाले. तुम्ही खिडकीशी बसता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं आजीचं पवित्र शास्त्र. शिवण उसवली आहे. स्तोत्रसंहितेची पानं तर सरळ हातात येतात. नगरला एक म्हातारा बाईंडर आहे, त्याच्याकडे ते द्यायचं आहे. निघताना आजीने तीनदा बजावलं, "संबाळून ने. रूथचं पान हरवू नको."

तुमच्या पाकिटात दोन कागद आहेत. एक पुण्याच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र. दुसरा 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत काढलेली वचनाची चिठ्ठी. जावं की राहावं, हा बीडमध्ये जन्मलेल्या माणसाचा जन्माचा प्रश्न. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयते बांधतात, पोरं, शेरडं, भांडीकुंडी ट्रॉलीत चढतात आणि गावं म्हाताऱ्यांच्या हवाली होतात. तुमच्यापुढे कोयता नाही, संगणक आहे. पण मागे राहणारी म्हातारी तीच. महिनाभर तुम्ही रोज सकाळी डोळे मिटून पुस्तक उघडता, बोट ठेवता आणि बोटाखाली काय आलं ते पाहता. एकदा वंशावळी आली. एकदा निवासमंडपाच्या पडद्यांची मापं आली.

या सवयीला मी नावं ठेवणार नाही. अडलेला माणूस असंच करतो, आणि त्यामागची तहान खरी असते. पण पवित्र शास्त्र असं वाचलं की त्याची चिठ्ठ्यांची पेटी होते, आणि पेटीशी कुणाची ओळख होत नाही.

गाडी हलते. तुम्ही बोट न ठेवता, आजीने सांगितलेलं पान उघडता.

रूथचं पुस्तक म्हणजे फक्त चार अध्याय. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचं घर, आणि त्या घरातली भाकर संपते. एक कुटुंब मवाब देशात जगायला जातं. तिथे घरातले तिन्ही पुरुष मरतात, उरतात तीन विधवा. सासू नामी परत गावाकडे निघते. एक सून माहेरी वळते. दुसरी, रूथ, सासूची पाठ सोडत नाही. दोघी गावात शिरतात तेव्हा जवाची कापणी नुकती सुरू झालेली असते. ओळखीच्या बायका जमतात, आणि नामी त्यांना सांगते की आता मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. हे सगळं बीडच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. जगायला गेलेली माणसं आणि परत येताना कमी झालेली माणसं आपल्याकडे प्रत्येक वाडीत मोजता येतात.

दुसऱ्या अध्यायात तो शब्द येतो: सरवा. कापणी पुढे जाते, रानात काही कणसं पडून राहतात, ती गरिबाने मागून वेचायची. शहरात वाढलेल्या मराठी माणसाला इथे शब्दकोश काढावा लागेल. तुम्हाला लागत नाही. हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलेला आहे, पुस्तकातून नव्हे, रानातून.

रायमोह जातं. विघनवाडी जाते. अमळनेरजवळ गाडी थांबते आणि तुम्ही उतरता.

पायाखाली फलाट नाही. भेगाळलेली काळी जमीन आहे, आणि वारा फेब्रुवारीचा आहे. साल 1974. दुष्काळ हटून पहिलीच चांगली रब्बी आलेली. ज्वारीची काढणी चालू आहे. बायका ओळीने ताटं उपटत पुढे सरकतात, मागच्या कणसं खुडतात, आणि त्यांच्याही मागे, हातभर अंतर राखून, परक्या पाच-सहा जणी टोपल्या घेऊन वाकलेल्या. त्यांतली एक अठरा वर्षांची असेल. हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका. तो ठिपका तुम्ही लहानपणी बोटाने पुसायचा प्रयत्न केला होता.

तुम्ही हाक मारता, पण आवाज फुटत नाही. नुसतं पाहता येतं. शेताची मालकीण ओट्यात कणसं घेऊन पुढे चालली आहे. पोरीच्या ओळीपाशी आली की तिची मूठ ढिली होते. दोन कणसं पडतात. पुढे गेल्यावर आणखी एक. ती मागे वळून पाहत नाही. पोर मान वर न करता उचलते आणि टोपलीत टाकते. ऊन, धूळ, ताटांचा खसखस आवाज. बाकी काही घडत नाही.

गाडी शिट्टी देते.

आष्टीला दारं उघडतात ती 1972 मध्ये. झाडाला पान नाही. रस्त्याच्या कडेने बायकांची रांग बसली आहे, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, हातात हातोडी. खडी फोडायची, हजेरी लागायची, पोरांना सुकडी मिळायची, आणि घरी परदेशातून आलेली लाल मिलो शिजायची. ज्यांनी ती खाल्ली ते अजून तिचं नाव काढलं की गप्प होतात. संध्याकाळी एका छपरात कंदील लागतो. पाळक साहेब सायकलवरून आले आहेत, धुळीने पांढरे झालेले. जमलेल्या पंधरा-वीस जणांत वाचता येणारं कुणी नाही, म्हणून तेच वाचतात, आणि वाचतात स्तोत्रसंहिता.

तुम्हाला वाटतं, आता धीराचं काहीतरी येईल. येते तक्रार. किती काळ, असं देवाला विचारणारं, तोंड का फिरवलंस म्हणणारं स्तोत्र. दीडशे स्तोत्रांत अशी कितीतरी आहेत, आणि ती कुणी काढून टाकलेली नाहीत. कंदिलाभोवतीच्या बायका माना डोलावतात. दिवसभर जे म्हणायची सोय नव्हती ते पुस्तकच म्हणतंय, तेही देवाच्या तोंडावर. एकजण पदर तोंडाला लावते. मग कोपऱ्यातून चौंडकं वाजतं, कुणीतरी ना. वा. टिळकांचं भजन धरतं, आणि त्या उपाशी छपरात जे पसरतं त्याला आनंद याशिवाय दुसरं नाव मला सापडत नाही. पोट भरलेल्या माणसाची खुशी वेगळी. इथे कुणालाच पोट भरल्याचं सोंग करावं लागलेलं नाही.

आष्टीपासून जामखेड जवळच. तिथे 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर पतिपत्नी कामाला लागलेले आहेत. शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना ते गावाच्या आरोग्यसेविका बनवतात. पाण्याची बोअर दलित वस्तीत घ्यायची, म्हणजे सगळ्या गावाला हंडा घेऊन तिथेच यावं लागेल, अशी त्यांची रीत. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळेल. मोशेच्या नियमशास्त्रात एक आज्ञा आहे की शेत कापताना कोपरे कापून नेऊ नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बोअर कुठे घ्यायची, हे ठरवताना ती आज्ञा त्यांच्या मनात होती की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती बोअर पाहिल्यावर मला ती आज्ञा कळली.

कडा गाव मागे पडतं. रुळांखालून कुठेतरी एक हद्द सरकते आणि डब्यातले कपडे बदलतात. ही मोगलाई आहे, निजामाचं राज्य. करोडगिरीच्या नाक्यावर बोचकी उघडली जाताहेत, हातात हाली रुपया फिरतो आहे, आणि कचेरीचा कागद उर्दूत आहे. बीडच्या बाजूने आलेल्या एका म्हाताऱ्याच्या धोतराच्या सोग्यात मराठी शुभवर्तमानाची लहानशी पोथी गुंडाळलेली दिसते. सरकारदरबारी ज्या भाषेला बसायला जागा नाही, त्या भाषेत देव बोलतो, हे त्याला कसं वाटत असेल? तो पोथी कपाळाला लावतो आणि परत सोग्यात खोचतो.

पलीकडे इंग्रजी हद्द, आणि नगर. 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन इथे आहे, 1842 साली इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. हे शहर तुम्ही उतरून पाहावं असं आहे, पण तुमचा डबा क्षणभर दुसऱ्याच गाडीचा होतो: 1893, नागपूरहून राजनांदगावला जाणारी. समोरच्या बाकावर तिशीतला एक तापट, देखणा ब्राह्मण कवी, नारायण वामन टिळक. शेजारचा अनोळखी गोरा प्रवासी त्यांच्या हातात नवा करार ठेवतो. टिळक तो घेतात, काहीशा भिडेने. पुढे मत्तयाचं शुभवर्तमान वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी येतात आणि तिथून त्यांचा पाय निघत नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचं काय झालं ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हेही. डोंगरावरच्या प्रवचनात टिळकांना कुठे जा, असं कुणी सांगितलं नव्हतं. धन्य कोण, इथून ते प्रवचन सुरू होतं. पण त्याने माणसाची दिशा फिरली.

नगर मागे पडतं, दौंड येतं. पाटस, कडेठाण. केडगावला तुम्ही उतरता, आणि आता घाई करायची नाही. ज्यासाठी ही गाडी इतकी मागे आली ते इथे आहे.

1910 नंतरची एक दुपार. मुक्ती मिशनच्या आवारात विहिरींवर मोटा चालू आहेत, मागांचा खटखटाट आहे, भाजीचे वाफे आहेत. दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरातून टाकलेल्या, बालविधवा झालेल्या शेकडो मुली-बायका इथे राहतात. तुम्ही छापखान्यात शिरता. शाई आणि रॉकेलचा वास. भिंतीशी लाकडी केसा मांडलेल्या, त्यांच्या बारीक खणांत शिशाचे खिळे: क चे, ख चे, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरांचे तर वेगळेच खण. केशीपुढे सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी आहे. ही जुळारी आहे. पाच वर्षांपूर्वी तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आता तिची बोटं न पाहता खणात जातात आणि खिळा घेऊन येतात. खिळ्यावरचं अक्षर उलटं. ती उलटंच वाचते. तिच्यापुढच्या कागदावर रूथ आहे.

तुम्ही तिच्या खांद्यावरून पाहता. एकेक अक्षर, एकेक मात्रा. आपण एका श्वासात ओलांडतो ते वाक्य तिच्या हातातून पाच मिनिटं जातं. दुष्काळ हा शब्द तिने खिळ्यांनी रचला तेव्हा तिच्या बोटांना काय वाटलं असेल? ती क्षणभर थांबते. मग पुढचा खिळा उचलते. पवित्र शास्त्राचं मनन करावं असं आपण उपदेशात ऐकतो. मी तरी याहून सावकाश मनन पाहिलेलं नाही.

दारात पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई येतात. बुटक्या, कापलेले केस, ऐकायला कमी येतं म्हणून मान किंचित पुढे. पंडिता रमाबाई. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत नव्याने उतरवायला. मराठीत भाषांतरं नव्हती असं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी 1811 सालीच मोडी अक्षरांत नवा करार छापला होता, आणि त्यानंतर मुंबईत पुष्कळ काम झालं होतं. पण रमाबाईंना ती मराठी खेड्यातल्या अडाणी बाईसाठी जड वाटत होती. त्यांना हवी होती जात्यावर बसलेल्या बाईला कळेल अशी भाषा. आणि भाषांतर, जुळणी, मुद्रितं तपासणं, छपाई, बांधणी, सगळं या आवारातल्या बायकांच्या हातून.

संस्कृतची पंडिता, 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हटलेली बाई, संस्कृत शब्दांना इतकी का टाळते? तुम्हाला विचारायचं असतं, पण त्या तुमच्याकडे पाहतात आणि छापखान्याची भिंत निघून जाते.

1874. मद्रास इलाख्यातला दुष्काळ. रानात पाच माणसं: म्हातारे, दृष्टी गेलेले अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची बायको लक्ष्मीबाई, थोरली मुलगी, मुलगा श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा. हे पुराणिकांचं कुटुंब. गावोगावच्या देवळांत, नदीघाटांवर पुराण वाचायचं, लोकांनी पुढे ठेवलेल्या दाण्यांवर जगायचं. ऐकणाऱ्याला संस्कृत कळो न कळो. पुण्य ऐकण्यात होतं. आता दाणे ठेवणारेच उपाशी आहेत. रानातला पाला खाऊन दिवस काढलेले. वडील जातात, काही आठवड्यांत आई जाते. खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत, म्हणून चौथी ही मुलगी. उंची कमी पडते, तेव्हा ती तिरडीचं टोक डोक्यावर घेते.

तुम्ही त्या वाटेच्या कडेला उभे राहता. तिच्या पाठांतरात हजारो श्लोक आहेत आणि तिरडीचं ओझं मानेवर आहे. मला वाटतं, केडगावच्या भाषांतराचं मूळ इथे आहे. ज्या मुलीने लहानपणभर न कळणाऱ्यांपुढे पवित्र शब्द म्हटले, आणि त्याच्या मोबदल्यात मूठभर धान्य घेतलं, तिनेच पुढे आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं शब्द कळावा म्हणून घातली.

आनंद तिलाही चटकन मिळाला नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवावं. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकचं बंगाली शुभवर्तमान सापडलं. नवरा 1882 साली वारला, मांडीवर मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि तरी, आपल्या साक्षीत त्यांनी उघडपणे लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. आठ वर्षं ही बाई पुस्तक वाचत होती, वाद घालत होती, मिशनऱ्यांशी पत्रांतून भांडत होती, विधवांसाठी शारदा सदन चालवत होती. तुम्ही महिनाभर बोट ठेवून पाहिलंत.

केडगावला परत येता तेव्हा एप्रिल 1922 आहे. आवार शांत आहे. आदल्या जुलैत मनोरमा गेली. आईच्या आधी मुलगी. रमाबाईंच्या टेबलावर शेवटची मुद्रितं आहेत. मुक्तीत सांगतात की हे काम संपवण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते. दिव्याच्या उजेडात त्या ओळीवरून बोट फिरवतात, काना हुकलेला दिसला की खूण करतात. हे बोट तुमच्या बोटासारखं उत्तर शोधत नाही. ते प्रत्येक अक्षर आपल्या जागी आहे ना, एवढंच पाहतं. 5 एप्रिलच्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला 1924 साली.

पुन्हा आजची गाडी, नारायणडोह. डब्यात चहावाला फिरतो आहे. मांडीवरचं पान तिथेच उघडं आहे, आणि आता तुमच्या लक्षात येतं की या चार अध्यायांत देव स्वतः एक शब्दही बोलत नाही. देवदूत येत नाही, स्वप्न पडत नाही. रूथ सरवा वेचायला निघते आणि बवाजाच्या शेतात पोचते, तेसुद्धा सहज गेल्यासारखी. बवाज आपल्या गड्यांना काही सूचना देतो. पेंढ्या, मापं, खळं, वेशीवरचे वडीलधारे, यांतूनच गोष्ट पुढे जाते आणि जन्मलेल्या ओबेदाचा नातू दावीद राजा होतो. मार्ग दाखवला गेला, पण चालणाऱ्यांपैकी कुणालाच चालताना तो दिसला नव्हता.

बाईंडर पुस्तक उलटंपालटं करून पाहतो. शिवण नवी घालतो, पाठीला कापड लावतो, पुठ्ठा बदलतो. पैसे सांगताना म्हणतो, "पुष्कळ वापरलंय. बरं वाटतं असं पुस्तक हातात आलं की."

घरी आजी उंबऱ्यापाशी बसलेली. आधी रूथचं पान आहे का ते पाहायला लावते. मग, "वाच." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला वाचता येत नाही, कारण ती कधी वाचायला शिकलीच नव्हती. तुम्ही वाचता. नामी, ओर्पा, जवाची कापणी. बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही मुद्दाम ओढून टाका, तिला वेचू द्या, तिला बोलू नका. इथे आजी हात वर करते.

"आमच्या रानातली ती पाटलीण," ती म्हणते, "तिची मूठ नेहमी ढिली असायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, सांडतंय तिच्या हातातनं. मग एकदा पाळक साहेबांनी मंडळीत हे वाचलं."

तुम्ही थांबता. तिच्या हनुवटीवरचा ठिपका आता निळसर, पसरट झाला आहे.

"तवा ती मरून गेली होती," आजी म्हणते. "पुढं वाच."